तबकडीमागचा दिवा

जुनी मोटार घरात असली की तिच्या लहानसहान कुरबुरींची माणसाला सवय होऊन जाते. दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही, पावसाळ्यात पायाशी पाणी येते, हॉर्न त्याच्या मनात आले तर वाजतो. या यादीत आणखी एक कुरबुर बहुधा असतेच : रात्री डॅशबोर्डवरचे दिवे लागत नाहीत. वेगाचा काटा दिसत नाही, पेट्रोलचा दिसत नाही. मग खिशातली विजेरी, किंवा हल्ली मोबाइल, क्षणभर पुढे धरायचा, काटा पाहायचा आणि पुन्हा रस्त्याकडे वळायचे. ‘दिवसा तर दिसतंय ना, मग काय अडलंय?’ असे म्हणत आपण महिनेच्या महिने काढतो.

मीही असेच तीन आठवडे काढले होते. उसाचा हंगाम होता. एका स्नेह्यांची जुनी मोटार घेऊन मी रात्री तालुक्याच्या गावाहून परतत होतो. डॅशबोर्ड अंधारात होता, पण पुढचे मोठे दिवे लख्ख होते, म्हणून मी निर्धास्त होतो. पुढे उसाची बैलगाडी दिसली म्हणून ब्रेक दाबला, तोच मागून एका ट्रकचा ब्रेक कर्कश वाजला. थोड्या वेळाने तो ट्रक मला ओलांडून पुढे जाऊन थांबला आणि ड्रायव्हर खाली उतरला. मला वाटले, आता भांडण होणार. तो खिडकीशी आला आणि शांतपणे म्हणाला, “पाव्हणं, मागं एकबी दिवा न्हाई तुमच्या गाडीला. ब्रेक दाबला तवा लाल उजेड दिसला, म्हणून वाचलासा.”

मी उतरून पाहिले. खरेच, मागे काळोख. माझ्या समोरचा रस्ता उजळलेला होता, त्यामुळे मागचा अंधार मला कळायचे काही कारणच नव्हते. आणि तरीही कळायला हवे होते. तीन आठवडे डॅशबोर्ड मला तेच सांगत होता. कारण त्या मोटारीत डॅशबोर्डचे दिवे आणि मागचे दिवे एकाच तारेवर होते.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेलो तो हातात नव्या बल्बांची पुडी घेऊन. मिस्त्रींनी पुडीकडे पाहिलेही नाही. म्हणाले, “सर, बल्बला मागाहून हात लावू. आधी मला सांगा, या दिव्यांबरोबर आणखी काय काय गेलंय?” या एका प्रश्नावर त्यांनी पंधरा मिनिटांत दोष शोधला. आजच्या लेखात मला आपल्याला मुख्यतः हा प्रश्नच द्यायचा आहे. तो विचारायला मिस्त्री असावे लागत नाही. वीज कशी जाते आणि कशी परत येते, एवढे ठाऊक असले की पुरे.

वीज जाते कुठून, येते कुठून

उदाहरणासाठी आपण मॉरिस घराण्यातली मोटार घेऊ. इंग्लंडमधल्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आपल्याकडे बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने आधी लँडमास्टर आणि मग १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अँबॅसॅडर बनवली. ही अँबॅसॅडर २०१४ पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होती. म्हणून आजही खेड्यापाड्यांत एखाद्या वाड्याच्या पडवीत, नाहीतर डॉक्टरांच्या आवारात ती उभी दिसते. आपली मोटार दुसऱ्या घराण्यातली असली तरी काही बिघडत नाही. तारांचे रंग बदलतील, तत्त्व तेच राहील.

घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात हे आपण पाहतो. मोटारीतल्या दिव्याला बहुधा एकच तार दिसते. मग दुसरी गेली कुठे? तर मोटारीची लोखंडी बॉडी हीच दुसरी तार. बॅटरीचे एक टोक जाड पट्टीने बॉडीला जोडलेले असते. दुसऱ्या टोकापासून वीज तारेने निघते, बटणातून बल्बपर्यंत येते, बल्बमधून त्याच्या पितळी होल्डरमध्ये, होल्डरमधून मीटरच्या पत्र्याच्या डब्यात, डब्यातून डॅशबोर्डच्या पत्र्यात, आणि तिथून बॉडीमार्गे बॅटरीच्या घरी परत. शिक्षक मुलांना शिकवतात तो विद्युत परिपथ हाच. विहिरीवरच्या रहाटाची माळ जशी पूर्ण फिरली तरच पाणी येते, तसे हे वर्तुळ पूर्ण झाले तरच दिवा लागतो. या परतीच्या वाटेला गॅरेजमध्ये अर्थिंग म्हणतात.

आता जाणारी वाट पाहू. दिव्यांच्या मुख्य बटणातून मोठ्या दिव्यांची तार वेगळी निघते. दुसरी तार बाजूच्या छोट्या दिव्यांना, मागच्या दिव्यांना आणि नंबरपाटीच्या दिव्याला जाते. हिचा रंग इंग्रजी पद्धतीत लाल. याच लाल तारेवरून डॅशबोर्डच्या बटणाला फाटा दिलेला असतो आणि त्या बटणापासून पुढे मीटरच्या दिव्यांना लाल-पांढऱ्या पट्ट्याची तार जाते. अर्थिंगची तार काळी. ब्रेकच्या दिव्यांची वाट या सगळ्यांहून निराळी. म्हणून तर त्या रात्री माझे ब्रेकचे दिवे लागले आणि मागचे लागले नाहीत.

एक सावधगिरी मात्र बाळगा. आपल्याकडे जुन्या मोटारीची तार बदलताना मिस्त्रींच्या हाताला जो रंग लागला तो वापरलेला असतो. रंग ही खूण आहे, पुरावा नव्हे. पुरावा कसा मिळवायचा ते पुढे येईलच.

आणखी काय गेले?

रात्री मोटार अंगणात उभी करा, दिव्यांचे बटण पहिल्या टप्प्यावर ठेवा आणि मोटारीभोवती एक फेरी मारा. घरातल्या कुणाला तरी सोबत घ्या. जे दिसेल त्यावरून दोषाची जागा ठरते.

डॅशबोर्ड अंधारात, आणि बाजूचे व मागचे दिवेही अंधारात : दोष मुख्य बटणात, लाल तारेत किंवा फ्यूज असल्यास फ्यूजमध्ये. ही मोटार दुरुस्त होईपर्यंत रात्री रस्त्यावर काढू नये. दिवसासुद्धा धुक्यात काढू नये.

बाहेरचे सगळे दिवे ठीक, फक्त डॅशबोर्ड पूर्ण अंधारात : दोष डॅशबोर्डच्या बटणात किंवा त्यापुढच्या लाल-पांढऱ्या तारेत. तीन-चार बल्ब एकाच रात्री गेले असे सहसा होत नाही. म्हणून इथेही बल्बांची पुडी आणायची घाई नको.

एकच मीटर अंधारात, बाकी उजळलेले : आता बल्बचा संशय घ्या. बल्ब किंवा त्याचा होल्डर, या दोहोंपैकी एक.

सगळे दिवे लागतात, पण मिणमिणते, किंवा खड्ड्यात गाडी आदळली की लागतात-विझतात : परतीची वाट खराब. म्हणजे अर्थिंग.

आणि शेवटचा एक प्रकार, भुताटकी वाटावी असा. इंडिकेटर लावला नसतानाही त्याची डॅशबोर्डवरची छोटी खूण मिणमिणते आणि मीटरचे दिवेही मंद असतात. यात भूत नाही. पॅनेलचे अर्थिंग तुटले आहे. विजेला घरी परतायला सरळ वाट नाही, म्हणून ती शेजारच्या छोट्या बल्बमधून उलटी शिरते आणि बाहेरच्या इंडिकेटरच्या दिव्यामार्गे बॉडीला जाऊन मिळते. बांध फुटला की पाणी शेजाऱ्याच्या वावरातून वाट काढते, तसेच हे. अशा वेळी आपण इंडिकेटर दुरुस्त करायला घेतला तर दिवस फुकट जातो.

पुरावा देणारा दिवा

आता एक साधे हत्यार तयार करा. बारा व्होल्टचा, पाच वॅटच्या आसपासचा मोटारीचा बल्ब घ्या, त्याला होल्डर बसवा आणि दोन लांब तारा जोडा. एका तारेला चिमटा, दुसरीला जाड सुई किंवा खिळा. झाला टेस्ट लॅम्प. हल्ली बाजारात एलईडीचे टेस्टर मिळतात. ते वाईट नाहीत, पण या कामात फसवतात. एलईडी अगदी थोड्या विजेवरही चमकते, आणि आपल्याला तर वीज पुरेशी येते की नाही हेच पाहायचे असते. तारेचा बल्ब खोटे बोलत नाही. वाट अरुंद असेल तर तो मंद जळून तसे सांगतो.

पहिली तपासणी जाणाऱ्या वाटेची. चिमटा बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला लावा, दिव्यांचे बटण चालू करा, आणि ज्या होल्डरमधून बल्ब काढला आहे त्याच्या मधल्या पितळी टोकाला सुई टेकवा. टेस्ट लॅम्प पूर्ण उजळला तर वीज तिथवर पोचते आहे. न उजळला तर एकेक पायरी मागे या : आधी डॅशबोर्डच्या बटणाचे बाहेर जाणारे टोक, मग आत येणारे टोक, मग मुख्य बटण. ज्या दोन जागांच्या मध्ये उजेड नाहीसा होतो, तिथेच दोष. कालव्याचे पाणी कुठे अडले ते पाटकरी जसे चाऱ्या पाहत शोधतो, तशीच ही रीत.

दुसरी तपासणी परतीच्या वाटेची. हिचा लोकांना विसर पडतो. चिमटा बॅटरीच्या त्या टोकाला लावा जे बॉडीला जोडलेले नाही, आणि सुई होल्डरच्या बाहेरच्या पितळी कडेला टेकवा. लॅम्प पूर्ण उजळला तर अर्थिंग ठीक. मंद जळला किंवा जळलाच नाही तर रोग सापडला.

मिणमिणत्या दिव्यामागचे गणित शिक्षकांना वर्गात उपयोगी पडेल म्हणून सांगतो. डॅशबोर्डचा नेहमीचा बल्ब बारा व्होल्ट, २.२ वॅटचा. त्यातून जाणारा प्रवाह २.२ भागिले १२, म्हणजे सुमारे ०.१८ अँपिअर. जळताना त्याचा रोध सुमारे ६५ ओहम. समजा, होल्डरवर चढलेल्या किटामुळे परतीच्या वाटेत ३० ओहम रोध आला. एकूण रोध ९५ झाला. बारा व्होल्टांपैकी बल्बच्या वाट्याला आले ८.२. कुणी म्हणेल, दोन तृतीयांश दाब आहे, म्हणजे उजेडही दोन तृतीयांश असेल. तसे होत नाही. दाब कमी झाला की बल्बची तार कमी तापते आणि उजेड फार झपाट्याने घटतो. या उदाहरणात तो जेमतेम एक चतुर्थांशाच्या आसपास उरतो. हा अर्थात ठोकताळा आहे, कारण तार थंड झाली की तिचा रोधही थोडा बदलतो. पण सांगायचे ते हे की नखाएवढ्या किटाने तीन हिस्से उजेड खाल्ला, आणि बल्ब मात्र निर्दोष होता.

हात घालण्यापूर्वी

तपासणीला वीज लागते, पण दुरुस्तीला ती नको. खोलखाल करण्यापूर्वी बॅटरीची तार सोडा. कुठली सोडायची? जी बॉडीला जोडलेली आहे ती. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. आजच्या मोटारींत ऋण टोक जोडलेले असते. म्हणून ‘आधी ऋण काढा’ असा सरसकट सल्ला ऐकू नका, डोळ्यांनी पाहून ठरवा. बॉडीला जोडलेले टोक आधी सोडले म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. हातातली अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळही काढून ठेवा.

पॅनेल पुढे ओढताना मीटरमागे काय काय आहे ते आधी हाताने चाचपा. वेगाच्या मीटरला एक लांब केबल येते. तिची गोल चाकी बोटांनी फिरवून सोडावी, केबल मोडेल इतकी वाकवू नये. तेलाच्या दाबाच्या काट्याला काही मोटारींत बारीक नळी येते आणि तिच्यातून खरोखरचे इंजिनचे तेल येत असते. ती सोडून इंजिन चालू केले तर तेलाची पिचकारी अंगावर येईल. पाण्याच्या उष्णतेच्या काट्यालाही काही मोटारींत तारेसारखी दिसणारी बारीक नळी असते. ती तार समजून कापली, किंवा पिरगळून तुटली, की ते मीटर निकामी झाले असे समजा. अनेक होल्डर नुसते दाबून बसवलेले असतात. पॅनेल न काढता मागून हात घालून ते बाहेर येतात. आधी तसे जमते का पाहावे.

दुरुस्ती

बटणापासून सुरुवात करू. काही मोटारींत डॅशबोर्डचे दिवे कमी-जास्त करणारी फिरती मूठ असते. तिच्यात रोधाच्या तारेची गुंडाळी आणि तिच्यावर फिरणारी पट्टी असते. मूठ वर्षानुवर्षे एकाच जागी राहिली की गुंडाळीवर थर चढतो. बॅटरी सोडलेली असताना ती मूठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. कित्येकदा एवढ्यानेच दिवे परत येतात. न आल्यास तिची दोन टोके तारेच्या तुकड्याने तात्पुरती जोडून पाहा. दिवे लागले तर दोष मुठीचाच.

मग बल्ब आणि होल्डर. बल्ब काढून त्याची पेचाची टोपी आणि खालचा शिशाचा ठिपका शाळेतल्या खोडरबराने घासा. खोडरबर पितळ साफ करते आणि खरवडत नाही. होल्डरच्या आतला भाग बारीक पॉलिश पेपरच्या सुरळीने साफ करा. होल्डर जिथे मीटरच्या डब्यात बसतो त्या भोकाची कडही विसरू नका, कारण परतीची वीज तिथूनच जाते. होल्डर ढिला झाला असेल तर त्याचे पितळी कान किंचित बाहेर वळवावेत.

नवा बल्ब घेताना एक चूक फार होते. विजेरीच्या बल्बचा पेचही त्याच मापाचा असतो, म्हणून घरातला विजेरीचा बल्ब तिथे बसवला जातो. तो दोन-अडीच व्होल्टांचा. बारा व्होल्ट मिळताच तो एकदाच चमकून कायमचा विझतो. उलट कुणी जास्त उजेडाच्या हव्यासाने पाच वॅटचा बल्ब बसवतो. २.२ वॅटच्या जागी पाच म्हणजे उष्णता दुपटीहून जास्त. मीटरच्या बंद डब्यात ती कोंडते, रंगीत प्लॅस्टिक वितळते, तबकडीवरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो. शिवाय जास्त उजेड हवाच कशाला? अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. समोर झगमगाट असेल तर रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसायचा नाही. या मोटारींचा डॅशबोर्ड मंद असतो तो उगीच नव्हे. काटा दिसावा, डोळा दिपू नये, एवढेच त्याचे काम.

एलईडी बसवावी का, असे मला पुष्कळ जण विचारतात. उजेडासाठी बसवायला हरकत नाही. वीज कमी खाते, तापत नाही. पण तिला धन-ऋण बाजू असते. धन टोक बॉडीला असलेल्या मोटारीत साधी एलईडी लागणारच नाही, तशी खास मागावी लागते. फिरत्या मुठीने ती नीट मंदही होत नाही. आणि बॅटरी चार्ज होत नसल्याची खूण देणारा तांबडा दिवा असतो, तिथे मात्र जुना तारेचाच बल्ब ठेवा. नंतर आल्टरनेटर बसवलेल्या मोटारींत अनेकदा याच बल्बमधून जाणारी वीज आल्टरनेटरला जागे करते. तिथे एलईडी घातली तर आल्टरनेटर चार्ज करायला सुरुवातच करीत नाही, असे होऊ शकते.

आता अर्थिंग. पॅनेलच्या मागे डब्याच्या एखाद्या स्क्रूला नवी काळी तार जोडा आणि तिचे दुसरे टोक बॉडीच्या भक्कम बोल्टखाली घ्या. बोल्टखालचा रंग खरवडून लोखंड चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा म्हणजे दमट हवेत पुन्हा गंज धरणार नाही. रंगावर आवळलेला बोल्ट दिसायला घट्ट असतो, पण विजेच्या दृष्टीने तो जोडलेलाच नसतो. हातभर तारेचे हे काम करून मिणमिणते पॅनेल उजळल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

फ्यूजविषयी दोन शब्द

बऱ्याच जुन्या ब्रिटिश मोटारींत बाजूच्या व मागच्या दिव्यांच्या लाल तारेला फ्यूजच नसे. डॅशबोर्डमागे एखादी झिजलेली तार पत्र्याला टेकली तर बॅटरीची सगळी ताकद त्या तारेतून धावते. आवरण जळते, शेजारच्या तारा पेटतात. म्हणून दुरुस्तीबरोबरच लाल-पांढऱ्या तारेच्या सुरुवातीला दोन अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज बसवावा. तीन बल्बांना अर्धा-पाऊण अँपिअर पुरतो, तेव्हा दोनचा फ्यूज ऐसपैस आहे. तो स्वतंत्र हवा, याचे कारण माझ्या त्या रात्रीत आहे. डॅशबोर्डमागे काही बिघडले तर डॅशबोर्डच विझावा, त्याने मागच्या दिव्यांना बरोबर नेऊ नये.

ज्या जुन्या मोटारींत ल्युकास पद्धतीचे काचेचे फ्यूज आहेत तिथे आणखी एक फसगत होते. त्यांच्यावर ३५ अँपिअर लिहिलेले असते. हा आकडा फ्यूज वितळण्याचा. सतत वाहायचा प्रवाह त्याच्या निम्मा, १७ अँपिअर. आजच्या पात्यासारख्या फ्यूजवर सतत वाहणाऱ्या प्रवाहाचा आकडा असतो. ३५ वाचून आजचा ३५ चा फ्यूज लावला तर संरक्षण निम्म्यावर आले. आणि फ्यूज वारंवार जातो म्हणून चांदीचा कागद गुंडाळणे म्हणजे राखणदाराचे तोंड बांधून झोपी जाणे.

एका तबकडीला हात लावू नका

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या काही लष्करी गाड्यांच्या, जीपांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रंग असे. त्यात रेडियम होते. आज तो रंग चमकत नाही, म्हणून तो मेला असे वाटते. चमकणारा पदार्थ मेला, रेडियम नाही. त्याचा निम्मा अंश नष्ट व्हायलाच सुमारे १६०० वर्षे लागतात. १९२० च्या दशकात अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या अशा रंगाने रंगवणाऱ्या आणि ओठांनी कुंचल्याला टोक काढणाऱ्या कितीतरी मुली त्याने आजारी पडल्या आणि दगावल्या. तबकडी बंद असेल तर ती बंदच राहू द्या. तिची काच काढू नका, आकडे खरवडू नका, धूळ फुंकू नका. अशा मीटरला उजेड हवा असेल तर तो बाहेरून द्यावा.

शिक्षकांसाठी

हा सगळा धडा मोटारीशिवायही वर्गात दाखवता येतो. बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, ती आपली मोटारीची बॉडी. दोन सेल, विजेरीचा एक बल्ब आणि तारेचा एकच तुकडा. सेलचे एक टोक तारेने बल्बच्या खालच्या ठिपक्याला, दुसरे टोक डब्याला, आणि बल्बची कड डब्याला टेकवा. एकाच तारेवर बल्ब लागलेला पाहून मुलांना नवल वाटेल. मग बल्बच्या कडेखाली कागदाचा कपटा सरकवा. बल्ब विझेल. मुलांना विचारा, काय बिघडले? बहुतेक जण बल्ब म्हणतील, काही सेल म्हणतील. कपट्याकडे जो बोट दाखवील त्याला परिपथ कळला. डब्याचा एखादा रंगवलेला भाग निवडला तर कपटाही लागत नाही. रंगच वाट अडवतो, आणि आपल्या मोटारीत नेमके काय होते ते मुलांना डोळ्यांनी दिसते.

आता माझ्या त्या मोटारीत शेवटी काय निघाले ते सांगून थांबतो. मिस्त्रींनी माझ्याकडून तीन गोष्टी वदवून घेतल्या : डॅशबोर्ड गेला, मागचे दिवे गेले, मोठे दिवे शाबूत. “मग मोठ्या दिव्यांपर्यंत वीज बटणात येतेय, लाल तारेला मिळत नाही,” असे म्हणून त्यांनी टेस्ट लॅम्प लावला. मुख्य बटणाच्या मागे लाल तारेचा पेच ढिला होऊन तार बाहेर सरकली होती. टोक साफ केले, पेच आवळला, दिवे लागले. मी पुढे केलेली बल्बांची पुडी त्यांनी माझ्याच खिशात परत घातली.

मंडळी, तेव्हापासून डॅशबोर्ड अंधारला की मी बल्बकडे पाहत नाही. आधी खाली उतरतो आणि मोटारीच्या मागे जाऊन उभा राहतो. आपणही आज रात्री आपल्या मोटारीभोवती एक फेरी मारून पाहावी. जुनी मोटार नसेल तर ट्रॅक्टरभोवती मारावी. मागून येणाऱ्याला आपण दिसतो आहोत ना, एवढे पाहायला पैसा लागत नाही.